दुपारची टकटक

इंद्रजीत गेल्यावर महिन्याभराने कल्याणीला त्याच्या आईचा, तुळजाबाईंचा फोन आला. पाषाणच्या प्रयोगशाळेत कल्याणी आणि इंद्रजीत एकाच टेबलावर पीएचडीचं काम करत.

"पोरी, त्यो घरी येतो," तुळजाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "दुपारचा. खोलीतनं आवाज येतो. ह्यांना सांगितलं तर उंदीर हायती म्हणत्यात."

रविवारी कल्याणी धायरीला गेली. आजूबाजूच्या शेतांवर इमारती उठल्या होत्या. यांचं पत्र्याचं घर तेवढं मागे राहिलं होतं. इंद्रजीतचे वडील, दत्तोबा, ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले होते. डंपरच्या अपघातात मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याच्या खोलीला कडी घातली होती.

ऊन चढलं, पत्रा तापला. तुळजाबाईंनी तिला बंद दारापाशी नेलं. "ऐक."

टक्.

जरा वेळाने पुन्हा. मग लागोपाठ दोनदा, काचेवर नख वाजवावं तसं. विचारात गढला की इंद्रजीत असंच टेबलावर नख वाजवायचा.

"काका, मी आत जाऊन बघू का?"

दत्तोबा ओट्यावरून उठले आणि त्यांनीच कडी काढली.

आत भट्टीसारखी झळ होती. खुंटीला त्याची सॅक, पलंगावर घडी न केलेली चादर. खिडकीत उन्हामध्ये बुचाची एक काचेची बाटली होती आणि तिच्यात सुयांसारखे पिवळे स्फटिक. कल्याणी ते बघत असतानाच त्यातली एक सुई तळातून उडाली आणि काचेवर आपटली.

तुळजाबाईंनी कल्याणीचा हात घट्ट धरला. "कुणी हलवलं?"

"कुणी नाही, काकू. हे त्यानेच वाढवलेत. तापले की आतली रचना बदलू पाहते, पण लगेच बदलत नाही. ताण साठत राहतो. मग तो एकदम सुटतो आणि खडा उडतो."

"दिवाबत्तीच्या वक्ताला बी वाजतं."

"निवताना रचना पुन्हा पहिल्यासारखी होते, तेव्हाही उडतात."

"म्हंजे त्यो न्हाय."

तुळजाबाई बाटलीकडेच बघत होत्या. "पर आवाज बारीक होत चाललाय," त्या म्हणाल्या.

कल्याणीने बाटली उजेडात धरली. तळाशी पिवळी भुकटी साचली होती. उडताना, आपटताना खडे तुटत होते. प्रयोगशाळेतले त्याचे खडे संपले होते, आणि हे असे उडणारे खडे दुसऱ्या कुणालाच जमत नव्हते. तिचे तर जागच्या जागी तडकायचे.

"मी नेऊन थंड जागी ठेवले तर टिकतील," ती म्हणाली. "पण मग वाजणार नाहीत."

तुळजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे तितंच," दत्तोबा म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "मी बी ऐकतो रोज."

निघताना त्यांनीच तिच्या हातात कागदाची एक पुडी ठेवली. "चिमूटभर घातल्यात. त्याचं काम हाय, अर्धं नको ऱ्हायला."

प्रयोगशाळेत परतल्यावर त्यातली एक बारीकशी सुई कल्याणीने त्याच पदार्थाच्या आपल्या द्रावणात सोडली. तिच्यावर नवे खडे वाढले. तापवल्यावर ते उडाले. मार्गदर्शक श्रीनिवास सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. कल्याणीला मात्र प्रत्येक आवाजासरशी वळून शेजारच्या, इंद्रजीतच्या रिकाम्या खुर्चीकडे बघावंसं वाटे. आठवडाभरात तिने आपलं टेबल बदलून घेतलं.

मे महिन्यात पुन्हा फोन आला. तुळजाबाई एवढंच म्हणाल्या, "थांबलं गं."

ती नव्या खड्यांची बाटली घेऊन गेली. तुळजाबाईंनी बाटली हातात घेऊन उन्हात धरली. एक खडा उडाला. त्या किंचित हसल्या आणि बाटली परत देत म्हणाल्या, "झ्याक केलंयस, पोरी. पर हे तुजं हाय. त्याचं न्हवं."

खोलीचं दार आता उघडंच असायचं. दत्तोबांनी त्या दारासमोर पंगत मांडली, तुळजाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. कल्याणीने आपली बाटली वाजू नये म्हणून ओढणीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. तिघंही जेवत होते, आणि अधूनमधून खोलीकडे कान लावून कुणाचा तरी घास हातातच थांबत होता.