रिकामा होकार

एका हाताने मांडीवरच्या लेकीला थोपटत तिने दुसऱ्या हाताने एंटर दाबलं. पडद्यावर हिरव्या ओळी सरसर उतरू लागल्या. आहे. आहे. आहे. औषधांच्या दुकानांमधले संगणक वर्गात हजेरी द्यावी तसे एकामागून एक उत्तर देत होते.

बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे तिचं पहिलंच काम. संगणकाच्या पोटात रजिस्ट्री नावाचं एक मोठं कपाट असतं आणि बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा त्यात एक कप्पा. माहितीची राखीव प्रत ठेवणारा प्रोग्राम जिथे बसवलेला असेल, तिथे त्याच्या नावाचा कप्पा सापडणार. सापडला, की तो संगणक उद्या सकाळी पुसून नव्याने मांडायला मोकळा. तिच्या स्क्रिप्टने, म्हणजे तिने लिहिलेल्या सूचनांच्या यादीने, एवढंच विचारायचं होतं : कप्पा आहे की नाही?

सगळेच्या सगळे ‘आहे’ म्हणाले. दुसरी कोणी असती तर सुटकेचा नि:श्वास टाकून चहा प्यायला उठली असती. ही जागची हलली नाही. सगळं सुरळीत चाललं, की हिला धाकधूक. लेक जरा जास्त वेळ शांत झोपली, तरी ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

दाराशी नवरा बूट घालत होता.

“रविवारी मागच्या खोलीत माझं टेबल टाकतो. तुझ्या आई काही राहायला येत नाहीत ना?”

“बरी आहे म्हणते.”

“मग झालं तर. उगाच खोली अडवून काय करायचं? आणि तू? ठीक ना?”

“हो.”

दार लागलं. जिन्यातली पावलं खाली उतरत गेली आणि मग घरात पंख्याखेरीज कोणी बोलेना.

बाबा गेल्यावर ती मागची खोली तिने आईसाठी आवरून ठेवली होती. खाट, उशाशी दिवा, खिडकीला जाड पडदा. आई लांबच्या शहरात एकटी. रोज दुपारी ही फोन करायची, “आई, बरी आहेस ना?” विचारायची. “हो गं, मला काय धाड भरलीय?” आई म्हणायची. मग नातीची चौकशी, मग ‘ठेवते’.

फोन वाजला. मास्तर होते. ऑफिसातले तिचे वरिष्ठ; पूर्वी क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

“बाईसाहेब, शंभर टक्के निकाल? आमच्या क्लासचा कधी लागला नाही हो असा.”

“मलाही तेच खटकतंय. मास्तर, तुमच्याजवळ एखादा कोरा संगणक आहे?”

“आत्ताच एक खोक्यातून काढलाय. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा उतरवलेलं नाही. त्याच्यात काही म्हणजे काही बसवलेलं नाही.”

“जोडा ना जरा. त्यालाही विचारून बघते.”

थोड्या वेळाने पडद्यावर एकच ओळ उमटली. आहे.

“घ्या! आज जन्मला आणि लगेच पाढे म्हणायला लागला!”

ती हसली नाही. स्क्रिप्ट वर सरकवत ती एकेक ओळ वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. पहिल्यांदा चालवून पाहिली, तेव्हा पडदा लालेलाल झाला होता : कप्पा सापडत नाही, कप्पा सापडत नाही. नेमकी तेव्हाच लेकीने घर डोक्यावर घेतलेलं. हिने तिला कडेवर घेऊन, एका हाताने, ती कटकट थांबवण्यापुरती एक ओळ घातली होती : कप्पा नसेल तर तयार कर. लाल ओळी गप्प झाल्या होत्या. लेकही गप्प झाली होती. त्याच्या खालची ओळ विचारत होती, कप्पा आहे का?

“मास्तर, उद्याचं पुसणं थांबवा. चूक माझी आहे. माझी स्क्रिप्ट विचारायला जाते आणि विचारायच्या आधीच उत्तर ठेवून देते.”



“मग आता खरे कुठले आणि खोटे कुठले, ओळखायचं कसं?”

“आहे का, असं विचारायचंच नाही. उघडायचं आणि आत काय आहे ते वाचायचं. खऱ्या कप्प्यात प्रोग्रामच्या आवृत्तीचा आकडा असेल. मी केलेले रिकामे असतील.”

“थांबवतो. पुसलं असतं तर दुकानांची माहिती कायमची गेली असती आणि आपली धिंड निघाली असती,” मास्तर म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, “बरं झालं तुम्ही परत आलात.”

तिने ती ओळ खोडली, दुसरी लिहिली, एंटर दाबलं. मधूनच कुठे आकडा उमटत होता. बाकी लाल. रिकामा. रिकामा. या वेळी तिने लाल ओळी लाल राहू दिल्या.

दुपार झाली, लेक झोपली होती. तिला खांद्यावर टाकून तिने आईला फोन लावला. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

“आई, आज काय जेवलीस?”

“मी? जेवले की.”

“पण काय?”

“आज काय उलटतपासणी घेतेयस? कालचं होतं थोडं.”

“आणि काल?”

आईकडचं नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद झालं.

“एकटीसाठी कुठे पातेलं चढवायचं गं,” आई म्हणाली. एवढंच म्हणाली. मग तिने नाक ओढल्यासारखा आवाज आला. “चहा-बिस्किटावर निघतो दिवस. भूकच लागत नाही समोर कोणी नसलं की.”

ती उठली. मागच्या खोलीचं दार पायाने ढकलून खाटेच्या कडेवर बसली.

“खोली आहे, आई. तशीच आहे.”

आई ‘येते’ म्हणाली नाही. ‘मला काय धाड भरलीय’ असंही म्हणाली नाही. लेकीचा उष्ण श्वास हिच्या मानेवर येत-जात होता.

“आणि तू गं?” आईने विचारलं. “तू काय जेवलीस?”

उघड्या दारातून तिला बाहेरचं टेबल दिसलं. कीबोर्डशेजारी सकाळचा चहा तसाच होता, वर साय धरलेला. जिभेवर सवयीने ‘हो’ येऊन बसला होता. या प्रश्नाला तो चालणार नव्हता.