हॉट डॉगचा कौल

गोव्यातल्या साखळी गावच्या बसस्टँडासमोर सगुणचा गाडा. वर लाल अक्षरांत 'हॉट डॉग' आणि खाली तितक्याच ठळक अक्षरांत 'चिकनचे'. ही दुसरी ओळ मागाहून घातलेली. पहिल्याच आठवड्यात लाटंबार्सेची एक म्हातारी खायला म्हणून उभी राहिली, नातवाने तिला नावाचा अर्थ सांगितला, आणि ती 'शिव शिव शिव' करत जी निघाली ती थेट आपल्या बसमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सगुणने रंगाचा डबा आणला.

सगुण मूळचा दोडामार्गकडचा. अठरा वर्षं खाणीवरचा ट्रक हाकला. खाणी बंद पडल्या तसा एक सीझन मोरजीच्या किनाऱ्यावर, गोऱ्या पर्यटकांच्या एका शॅकमध्ये राबायला गेला, आणि तिथून जो परत आला तो विलायती होऊनच. म्हणे हॉट डॉग असाच करायचा! सॉसेजला तिरक्या तीन चिरा द्यायच्या, तवा धुरावेपर्यंत तापवायचा, कडा काळ्या झाल्या पाहिजेत. लांबट मऊ पावात घालायचं, वरून पिवळ्या मोहरीच्या सॉसची एक नागमोडी रेघ आणि लाल सॉसची दुसरी. बस. रेघ मोडली तर तो चुकचुकायचा.

वत्सला, त्याची बायको, पार्सेची. तिच्या हाताला चव होती हे पार्सेत सगळे म्हणायचे. सासरी येऊन सत्तावीस वर्षं झाली तरी इथे ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. सॉसेज आधी माडाच्या शिर्क्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यात जरा उकळायचं, मग मध्यम आचेवर कांद्याबरोबर परतायचं. पाव पोदेराच्या भट्टीतला, कडक सालीचा उंडो. आणि वर सॉस-बिस काही नाही. शिर्क्यात मुरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, आणि मिठातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, बारीक चिरून. आंबट कैरी दाताखाली आली की सॉसेजचा तेलकटपणा कसा पळतो, हे ती हातवारे करून सांगायची.

"गोरे असोच खातत," सगुण रेघ ओढता ओढता म्हणायचा.

"गोरे खातत खरे. पण हंय गोरो खंय आसा? हंय बाबली कंडक्टर आसा!"

बाबली कंडक्टर पणजीच्या बसवरचा. रोज संध्याकाळी फेरी सुटायच्या आधी तो गाड्याला टेकून उभा राही आणि चूल फुंकावी तसं या दोघांचं भांडण फुंकून पेटवी. "वहिनी, कालचा जरा फिकाच होता हां." झालं! मग वत्सला सुरू, सगुण सुरू, आणि गिऱ्हाइकं आपापल्या परीने तोंड घालायला मोकळी. कमलाक्षी टीचरना नुसता कांदा हवा, सॉस बोटालाही लागता कामा नये. बँकेतल्या कृष्णनाथला वर शेव लागे, ती तो स्वतः खिशातून पुडी काढून घाली. व्यक्ती तितक्या प्रकृती. पण सगुण कुणाचं ऐकेल तर शपथ. "खायचां तर असां, नायतर समोर भजी आसत," हे त्याचं उत्तर ठरलेलं.

वत्सलाला त्या बोलण्याचा राग यायचा, पण भांडणात मजाही होती. मजा संपली ती एका शुक्रवारी. सगुण पाव आणायला वळला, तेवढ्यात तिने बाबलीच्या हॉट डॉगवर घरून डबीतून आणलेली तोरं घातली. बाबलीने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आयशप्पत, वहिनी!" सगुणने वळून पाहिलं. बाबलीच्या हातातला हॉट डॉग त्याने हिसकावला नाही इतकंच, पण डबी उचलून बाजूला आपटली आणि सगळ्यांसमोर ओरडला, "ह्यो माजो गाडो!"

माझा गाडा. पहाटे उठून पाव चिरते कोण? तवा घासते कोण? घासून घासून हात सोलवटलेत ते कुणाचे? वत्सलाने डबी उचलून पिशवीत टाकली. बसस्टँडावर रडणाऱ्यातली ती नव्हती. त्या रात्रीचं जेवण दोघांनी पाठीला पाठ लावून उरकलं.

सकाळी सगुणच म्हणाला, "देवाक इचारूया."

आता यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे शेळी घेतानाही कौल लावतात, मुलीचं स्थळ असो की विहिरीची जागा असो. देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्यापुढे कुणाचं अपील नाही. वत्सलाला ते पटलं, कारण तिला मनोमन खात्री होती: देव झाला तरी तो याच मातीतला. तोरं सोडून तो पिवळ्या सॉसच्या बाजूने कशाला जाईल?

पण हे ऐकून देवळातल्या अनंतभटजींनी कपाळाला हात लावला.

"अरे, देवासमोर कोंबडीचं नाव घेणार तुम्ही?"

"नाव नाका घेवया," सगुण म्हणाला. "धंद्याची रीत म्हणा."

भटजींनी सुस्कारा टाकला, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, सगुणच्या गाड्यावर सगुणचीच रीत ठेवायची असली तर उजवा दी, वत्सलाची ठेवायची असली तर डावा दी."

अर्धा तास गेला. एक तास गेला. डावी पाकळी जरा सुटल्यासारखी झाली, वत्सला पुढे वाकली, आणि पाकळी परत चिकटली. सगुणच्या पायाला मुंग्या आल्या. आणि मग, कुणी बघत नसताना, टप् करून उजवी पाकळी खाली आली.

सगुणने साष्टांग नमस्कार घातला. वत्सलानेही हात जोडले. "बरां," इतकंच म्हणाली, आणि देवळाच्या पायऱ्या उतरू लागली.

त्या दिवसापासून ती सगुणच्या रीतीने वागू लागली. तिरक्या तीन चिरा, धुरावलेला तवा, काळ्या कडा. रेघासुद्धा अशा नागमोडी ओढायची की सगुणला चुकचुकायला जागा नाही. बाबलीने दोन-तीनदा काडी टाकून पाहिली. "वहिनी, ती तुमची तोरां..."

"देवाचो कौल आसा," वत्सला म्हणे, आणि पुढचा पाव चिरे.

बाबलीचा चेहरा पडायचा. भांडण नाही, टोमणा नाही, नुसता हॉट डॉग घेऊन माणूस किती वेळ उभा राहणार? तो बसमध्ये जाऊन खाऊ लागला. कमलाक्षी टीचर घरूनच डबा आणू लागल्या.

सगुण पहिले दोन दिवस छाती काढून वावरला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर, दोघांनी खायच्या वेळेला, वत्सला कोरा उंडो चहात बुडवून खाते. हॉट डॉगला हात लावत नाही.

"तू कित्याक खाणस नाय गो?"

"देवान सांगल्यान कसो करूचो," वत्सला चहात पाव बुडवत म्हणाली. "कोणी खावचो, ता खंय सांगल्यान?"

हे सगुणच्या काळजात काट्यासारखं रुतलं. त्या संध्याकाळी त्याची लाल रेघ पावाबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी दोन सॉसेज करपली. अठरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्याला एवढं कळत होतं की पुढचा रस्ता मोकळा असूनही आपण कुठेच जात नाही आहोत. रविवारी सकाळी गाड्याला सुट्टी होती, तो गुपचूप भटजींकडे गेला.

"परत कौल लावया," तो म्हणाला. "तिची रीत पण चालात काय म्हणान."

"मुळीच नाही!" भटजी भडकले. "एकदा दिलेला कौल फिरवायला देव काय पंचायतीचा सभासद आहे? आणि मला सांग, तू देवाला गाड्याचं विचारलंस. घरचं विचारलं होतंस?"

"नाय."

"मग घरचं तुझं तू बघ. देवाला तुमच्या चुलीत घालू नका."

सगुण सॉसेज आणि उंड्यांची पिशवी घेऊनच घरी आला. त्यांच्याकडे कोंबडी घरातल्या चुलीवर चढत नसे, त्यासाठी मागच्या पडवीबाहेर तीन दगड मांडलेले. वत्सला फणसाच्या झाडापलीकडे उन्हात कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने पाहिलं तर नवरा त्या तीन दगडांत काड्या खुपसतोय. हा माणूस घरच्या चुलीपाशी कधी चहा करायलाही बसला नव्हता. जाळ तीनदा विझला. चौथ्यांदा धरला. मग सगुण धुराने लाल झालेले डोळे पुसत तिच्याकडे वळला.

"तुका कसो आवडता?"

वत्सलाच्या हातातली सोलं तशीच राहिली. चार महिने ती या विषयावर तावातावाने भांडली होती, पण ते गिऱ्हाइकांसाठी. माहेरी वडिलांना काय आवडतं ते बघून शिजायचं. सासरी सासऱ्यांना, मग दिरांना, मग याला. तुला काय आवडतं, हे आजवर कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर रडूच कोसळेल असं झालं, आणि ते होऊ नये म्हणून तिने हुकूम सोडायला सुरुवात केली.

"आदी शिर्को घाला पाण्यात. इतको नाय! अर्धो. आता सॉसेजी सोडा. झाकण कित्याक घातलास? काढा ता. कांदो पातळ कापा, पातळ म्हणजे पातळ, लाकडां फोडुक नाय बसलास तुमी. जाळ कमी करा. अजून कमी. उंडो निखाऱ्यार गरम करा, हातान धरू नका..."

सगुणने हातानेच धरला आणि बोटं चाटत उडी मारली. ती खो खो हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग स्वतः उठून बरणीतली तोरं घेऊन आली, पण चिरायला त्यालाच लावली.

पहिला घास तिने घेतला. सगुण उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला; देवळात पाकळीकडेही इतकं बघितलं नव्हतं त्याने.

"मातसो करपलो," वत्सला म्हणाली. आणि सगळा संपवला. मग दुसरा घेतला आणि त्यातला अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला.

सगुणने खाल्लं. कैरीच्या आंबटाने त्याचा एक डोळा मिटला, कांद्याने दुसरा. तो बराच वेळ चावत राहिला.

"बाबली खोटां नाय सांगी," शेवटी तो म्हणाला. मग आणखी थोडा विचार करून, "वत्सला, फाल्यां सकाळी देवाक इचारूया? गाड्यार दोन तवे ठेवले तर चालात काय?"

वत्सलाने पदराला हात पुसले.

"तुमच्या तव्याचां देवान सांगल्यान. माज्या तव्याचां देवाक कित्याक इचारतास?" ती म्हणाली. "माका इचारा."

सगुणने हातातला तुकडा खाली ठेवला, नीट मांडी घालून बसला, आणि तिला विचारलं.