पपनसाची झडती

मी पपनस बोलतोय. बेन त्रे भागातल्या एका कालव्याकाठी, लिएन आजीच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून उभा आहे. तसे माझ्या वतीनं बोलणारे पुष्कळ आहेत, आणि तेच तर माझं दुखणं आहे.

आजीच्या नवऱ्यानं, तोआननं, माझं कलम इथं लावलं. माणूस आळशी, पण प्रेमळ. माझ्या खालच्या जाड फांदीला झोळी बांधून दुपारभर घोरायचा. माझी फळं लोक मीठ-मिरची लावून, नावाजून खायचे. तोआन गेला आणि आजीनं फर्मान काढलं, "झाडाला कुणी कोयता लावायचा नाही. त्यांची झोळी होती तिथं." मग काय, रान वाढतं तसा मी वाढलो. फांदीत फांदी अडकली, पोटात ऊन पोचेना, वाळकी लाकडं अंगावरच राहिली. तीन हंगाम फळ धरलं नाही. धरणार कुठून?

आमच्याकडे पाचव्या महिन्याच्या पंचमीला सकाळी आंबवलेला भात खाऊन पोटातले किडे मारतात आणि भर दुपारी न फळणाऱ्या झाडांची झडती घेतात. एक जण वर चढतो, तो म्हणजे झाड. दुसरा खालून कोयता घेऊन दरडावतो. वरून जे बोललं जाईल तो झाडाचा शब्द, तो मोडायचा नाही. आजीचा मुलगा खांग दरवर्षी चढायचा आणि तोंड वर करून सांगायचा, "पुढच्या वर्षी ढीगभर देतो, मारू नका!" अरे बाबा, मला विचारलंस का? देणारा मी आणि कबूल करणारा तू!

यंदा खांग म्हणाला, "आई, हे शेवटचं. आता फळ नाही आलं तर आडवं करू. त्या जागी मोटारसायकलींना छप्पर तरी होईल."

आजी कोयता घेऊन आली. खांगचा गुडघा दुखत होता, म्हणून त्याची बायको दिएप चढली. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून सरसर वर आली आणि आत शिरल्यावर एकदम थबकली.

खाली आजीनं कोयत्याच्या पाठीनं माझ्या खोडावर ठोकलं. "काय रे आळशा! खत खातोस, पाणी पितोस, मग फळ का देत नाहीस? तोडू का?"

दिएप वर फांद्या चाचपत राहिली.

"अगं, बोल की! मुंग्या चावल्या का?"

"तोडा," दिएप म्हणाली.

खांग हसला. "वेडी का काय! 'मारू नका' म्हणायचं असतं."

"मी झाड आहे. तुम्ही मध्ये बोलू नका. आई, मी काही कबूल करत नाही. माझा जीव गुदमरतोय. आधी अंगावरचं मेलेलं काढा, मग फळ मागा."

शाब्बास पोरी! जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या मनातलं बोललं.

आजीचा चेहरा उतरला. पण झाडाचा शब्द तो. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "कुठल्या फांद्या?"

दिएप जरा घुटमळली. "झोळीची पण."

"ती हिरवीगार आहे गं!"

"ते बांडगूळ आहे, आई. पपनसाचं एक पान नाही तिच्यावर. आतून किड्यांनी पोखरलीय."

आजीनं त्या फांदीवरची पानं निरखून पाहिली. मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "खांग, करवत आण. आधी खालून चीर दे, नाहीतर साल सोलत येईल."

संध्याकाळपर्यंत परस फांद्यांनी भरून गेलं. सगळे जेवायला आत गेल्यावर आजी एकटीच आली. पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन तिनं झोळीच्या फांदीच्या जखमेवर हळूहळू लावला आणि तळहात तिथंच ठेवून विचारलं, "फार दुखलं का रे?"

तेव्हा माझ्या वतीनं बोलायला वर कुणी नव्हतं.

आता ऊन पोटापर्यंत येतं. कोवळे फुटवे आलेत, फळाचं मात्र आत्ताच सांगत नाही. आजी रोज सकाळी त्या चुन्यावरून बोट फिरवते आणि तेच विचारते. तुम्ही कधी या काठाला आलात तर तिला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, नाही दुखलं. ती फांदी केव्हाचीच माझी उरली नव्हती, तुझ्यासाठीच धरून ठेवली होती.