गाळ बसेपर्यंत

काका येणार असल्याचा फोन मला आला, बाबांना नाही.

"पुढच्या रविवारी पुतणीकडे जेवायला येतोय, एवढंच सांग त्याला," काका म्हणाले. "लेकीकडे जायचंय. मधे गाडी बदलायची आहे, तेवढी दुपार मोकळी आहे. चारच्या गाडीने जाईन पुढे."

पुतणी आणि मोठा भाऊ एकाच घरात राहतात, हे काकांना चांगलं माहीत होतं. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते शेंगा सोलत होते. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"येऊ दे की. घर काय माझ्या एकट्याचं आहे?"

आई गेली तेव्हा काका आले नव्हते. ते तेव्हा लांबच्या एका द्राक्षमळ्यावर वाइन करायचे. फोनवर म्हणाले, "दादा, तोडणी चालू आहे, मला निघता येणार नाही." त्यावर बाबा म्हणाले, "ठीक आहे. तुला खांदा द्यायलाही मग द्राक्षंच येऊ देत," आणि त्यांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर काकांचे फोन आले ते बाबांनी उचलले नाहीत आणि पुढे ते येईनासे झाले. बाबांचे मित्र एकेक करून कमी झाले. लहानपणीची एखादी गोष्ट सांगताना ते मधेच थांबायचे, कारण ती कळेल असा माणूस समोर नसायचा. मला एवढंच वाटत होतं, की हे दोघांचं शेवटचं जेवण ठरू नये. दोघांचंही वय आता 'पुढच्या वेळी' म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं.

"जेवणाबरोबर वाइन लागेल त्याला," बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले. "आणि आपण काहीही आणलं तरी तो नाक मुरडणार. त्याच्याच मळ्याची मिळते का बघ."

काका काम करायचे तो मळा लहान होता आणि आता विकलाही गेला होता. त्याच्या बाटल्या साध्या दुकानात मिळत नाहीत. शोधाशोध केल्यावर कळलं, की जुन्या आणि दुर्मीळ वाइन विकणारं एक दुकान आमच्याच शहरात आहे, शिंप्याच्या दुकानाशेजारी, चार पायऱ्या उतरून. शनिवारी मी बाबांना घेऊन गेले.

दारातच एका खुंटीवर तीन-चार स्वेटर टांगलेले होते. "घाला त्यातला एखादा," आतून आवाज आला. "वाइनला जे मानवतं ते माणसांना मानवत नाही." दुकानदार बाई वयाने आम्हा दोघांच्या मधल्या होत्या, म्हणजे माझ्याहून मोठ्या, बाबांहून लहान. त्यांच्या स्वतःच्या अंगात दोन स्वेटर होते. बाबांना मिळालेला हिरवा स्वेटर पोटावर ताणला गेला, पण त्यांनी तो काढला नाही.

आत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कप्पे होते आणि त्यांत बाटल्या आडव्या ठेवलेल्या. प्रत्येक बाटलीच्या वरच्या अंगाला खडूची एक लहानशी रेघ होती. मी त्याबद्दल विचारलं.

"जुन्या वाइनचा गाळ खालच्या बाजूला बसलेला असतो. रेघ वर ठेवली की गाळ हलत नाही. माझ्याकडून बाटली बाहेर पडते ती रेघ वर धरूनच."

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गढूळपणा मोजणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ती रेघ मला फार आवडली. बाबांचं मात्र लक्ष नव्हतं. त्यांनी मळ्याचं नाव सांगितलं.

"वा," बाई म्हणाल्या, "हे नाव घेणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं येतं. दोन सालांच्या बाटल्या आहेत माझ्याकडे. त्यातल्या आधीच्या सालची..."

"नंतरच्या सालची," बाबा म्हणाले, आणि साल सांगितलं. आई गेली ते.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "बघू तरी. वहिनीपेक्षा मोठं असं काय होतं ते. ठेवतो टेबलावर त्याच्यासमोर."

म्हणजे बाबा पाहुणचाराची नाही, भांडणाची खरेदी करायला आले होते. मला घरी परतावंसं वाटू लागलं.

बाई शिडी लावून वरच्या कप्प्यातून बाटली काढत होत्या. त्यांनी ती रेघ वर ठेवून मेजावर आणली आणि मागून विजेरी धरली. "बूच धड आहे. पातळीही मानेपर्यंत आहे. या सालची बाटली मी सहसा दाखवत नाही. त्या वर्षी त्या सगळ्या भागात या मळ्याखेरीज कुणाचीच वाइन झाली नाही, माहीत आहे ना?"

"नाही," बाबा म्हणाले.

"तोडणी ऐन भरात आली आणि वादळाचा इशारा आला. मजूर घाबरून निघून गेले. बाकीच्या मळ्यांनी हात टेकले. द्राक्षं वेलीवरच कुजली. या एका मळ्यावरचा माणूस थांबला. उरलेली दोन-चार माणसं घेऊन रात्रंदिवस तोडत राहिला. शेवटची पाटी आत गेली आणि पाऊस कोसळला, असं सांगतात. मालकाचं सगळं त्या पिकावर होतं, मजुरांची घरंही. म्हणून ही वाइन थोडीच आहे, आणि म्हणूनच ती आहे."

बाबा बराच वेळ विजेरीच्या उजेडातल्या त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिले.

"मला नुसतं 'तोडणी' म्हणाला तो," ते शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. बाईंनी किंमत सांगितली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बांधून द्या."

"कोण ओतणार?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी विचारते सगळ्यांना. आता आडवी आहे, घरी नेऊन उभी करायची, म्हणजे गाळ बुडाशी जाईल. जेवण पुढच्या रविवारी म्हणालात ना? तोवर हात लावायचा नाही. मग सावकाश ओतायची, मानेमागे उजेड धरून. धुरासारखं काही दिसलं की थांबायचं. गाळ तोंडात आला तर नुसता कडूपणा लागेल, मग इतकी वर्षं जपून उपयोग काय?"

"मी ओतीन," बाबा म्हणाले. "हात स्थिर आहे माझा. जन्मभर औषधंच ओतली आहेत."

हे खरं होतं. बाबांचं औषधांचं दुकान होतं, आणि त्या काळात पुष्कळशी औषधं तेच बनवून द्यायचे. त्या धंद्याने त्यांचा हात स्थिर केला, आणि एक सवयही लावली. दूध असो, सरबत असो, डोळ्यांत घालायचे थेंब असोत, बाटली हातात आली की ते ती आधी हलवत. आई म्हणायची, "माझ्या डोक्याला झाकण नाही म्हणून, नाहीतर मलाही सकाळी उठल्यावर हलवून घेतलं असतं यांनी."

बाटली मी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, माझ्या पुस्तकांच्या फळीवर उभी केली. आठवडाभर बाबा त्या खोलीत चवड्यांवर चालत. दार वाजलं की मलाच दटावत, "हळू! ती बसतेय." रोज संध्याकाळी ते दारातूनच तिच्याकडे बघून येत, आजाऱ्याला बघावं तसं.

रविवारी काका आले. दारात त्यांना वाकावं लागलं. पूर्वीही लागायचं, पण आता ते मुळातच वाकलेले होते.

"ये लंबू," बाबा म्हणाले.

"आलो," काका म्हणाले. "जिना वाढवलायस का रे?"

"तुझे गुडघे कमी झालेत."

जेवताना काकांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, बाबांनी काकांच्या लेकीची. दोघंही सगळे प्रश्न मलाच विचारत होते, आणि मी इकडचं उत्तर तिकडे पोचवत होते. काकांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग बाबा उठले आणि बाटली घेऊन आले. त्यांनी ती इतकी जपून आणली, की टेबलावर टेकल्याचाही आवाज आला नाही.

काकांनी आधी लेबल वाचलं, मग साल. त्यांचा चेहरा उतरला.

"हीच आणायची होती तुला?"

"हो."

"बोल मग. जे बोलायचंय ते बोलून टाक. इतकी वर्षं साठवलंयस."

"काही नाही बोलायचं," बाबा म्हणाले. "पाऊस येणार होता, हे मला का नाही सांगितलंस?"

"तुझी बायको गेली होती, दादा. त्यात मी पावसाचं काय सांगू?"

बाबांनी मान हलवली. त्यांच्या हातांना काहीतरी करायला हवं होतं. "थांब, ओततो," असं म्हणत त्यांनी बाटली उचलली, बुचावर अंगठा ठेवला, आणि मनगटाने तीनदा खळखळून हलवली. चांगली, जोरात, दुकानात हलवायचे तशी.

मग ते स्वतःच थांबले.

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि खिडकीसमोर धरली. आठवडाभराचा गाळ वर येऊन आतल्या आत फिरत होता. मोजायला यंत्राची गरज नव्हती.

"अरे देवा," बाबा म्हणाले. ते खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आणि काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. "दादा! अरे, मिक्श्चर आहे का ते? दोन चमचे, जेवणानंतर?"

"हसू नकोस."

"आणि वर अंगठा! सांडू नये म्हणून!"

बाबाही हसू लागले, पण त्यांना ते आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. काका उठून त्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते खांद्याचं मी बोललो होतो..." बाबा म्हणाले.

"विचारलं होतं मी द्राक्षांना. नाही म्हणाली. आम्हाला खांदेच नाहीत म्हणाली."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "माझ्याकडे फिल्टर पेपर आहे."

"फिल्टर पेपर!" काका माझ्याकडे वळले. "बाप हलवतो, लेक गाळते. कुठल्या घरात आलोय मी? नाही पोरी, ही आता पुन्हा उभी राहू दे. आपली आपण बसेल."

"किती दिवसांत?" बाबांनी विचारलं.

"चार-पाच तरी. आणखी एखादा."

घड्याळाकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं. बाबा टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत म्हणाले, "तुझी गाडी आहे. तू जा. मी ती उघडणार नाही. तू नसताना नाही."

"म्हणजे मी केलेली वाइन इथे, आणि मी गाडीत?" काका म्हणाले. "आणि तू परत हलवलीस तर?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "फोन कुठे आहे गं तुझा? लेकीला सांगतो, काम निघालं म्हणून."

"कपडे आणलेत का?"

"आहेत की, सगळे तिच्यासाठी घेतलेत. माझा एकच शर्ट आहे."

"माझे घाल," बाबा म्हणाले. "आखूड होतील."

"मुद्दाम केलंस ना, दादा?"

"मुद्दाम करायला अक्कल लागते."

ते झाले आखूडच. काका आता घरभर मनगटं बाहेर काढून फिरतात. सकाळी दोघं चहाचे कप घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहतात. बाबा एक पाऊल पुढे गेले की काका म्हणतात, "हात मागे!" आणि बाबा खरोखर हात मागे बांधतात. मग कुणीतरी लहानपणच्या कुठल्यातरी मास्तरांची गोष्ट काढतो. ती अर्ध्यावर थांबत नाही, कारण उरलेली अर्धी दुसऱ्याला ठाऊक असते.

आज कामावरून आल्यावर मी एकटीच फळीपाशी गेले आणि बाटलीमागे विजेरी धरली. गाळ बुडाशी नीट बसला होता, वरची वाइन स्वच्छ होती. मी विजेरी बंद केली.

"काय म्हणतेय?" बाहेरून काकांनी विचारलं.

"धूर दिसतोय अजून," मी म्हटलं. "दोन दिवस तरी लागतील."

"घाई कुणाला आहे?" बाबा म्हणाले.