मराठीच्या आडोशाला

रघुरामरावांनी तंजावूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. त्यांचं आवडतं कोडं कपाळावरच्या खडूचं. तिघांच्या कपाळाला खडू लागलाय. प्रत्येकाला दुसऱ्यांचा दिसतो, स्वतःचा नाही. मग मास्तर म्हणतात, "निदान एकाच्या तरी कपाळाला खडू आहे." सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट, पण चारचौघांत बोलली गेली की सगळं गणित हलतं. हे सांगताना रघुरामराव स्वतःवर फार खूश असत.

घरात मात्र त्यांची अक्कल चरायला जाई. सून अखिला तमिळ. तिच्यादेखत झाकून बोलायचं तर तंजावूरच्या मराठी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होतीच: मराठी. बसमध्ये चालायचं, बाजारात चालायचं, मग जेवणघरात का नाही? तीन वर्षं ते भागीरथीबाईंशी, म्हणजे बायकोशी, सुनेसमोर बिनधास्त बोलत आले होते. तिच्या वडिलांच्या मिशा, तिची पाणचट कॉफी, काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

आता बँकेने अखिलाला बढती देऊन चेन्नईला बोलावलं होतं. मुलगा सुंदर बरोबर जायला तयार होता. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि अखिला काही बोलतच नव्हती. रघुरामराव तिला तमिळमध्ये ऐटीत सांगत, "खुशाल जा." आणि मान वळवून बायकोला मराठीत, "ही गेली की घर खायला उठेल मज."

शनिवारी जेवताना ते पुटपुटले, "रसमात मीठ कमी." अखिलाचा हात मिठाच्या बरणीकडे गेला.

रघुरामरावांचा घास हातातच राहिला. पण तर्कशास्त्र्याला पुरावा हवा. ते बायकोला शांतपणे मराठीत म्हणाले, "गच्चीवर तांदळाचे वडाम वाळताहेत ना, त्यात माकड शिरलंय वाटतं."

अखिला काठी घेऊन जिना चढली.

"हिला समजतं!"

"पहिल्या वर्षापासून," भागीरथीबाई ताक ओतत म्हणाल्या.

"मग मज का नाही सांगितलंस?"

"तुम्हास कळलं असतं तर तुम्ही खरं बोलणंच सोडलं असतंत."

रघुरामरावांनी मनात हिशेब मांडला. मिशा, कॉफी एक वेळ खपून गेलं असतं. पण पोरगी उत्तर देत नव्हती ती आपल्याच रडगाण्यामुळे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यांनी घाईघाईने तोड काढली. अखिला खाली येताच ते मोठ्याने मराठीत म्हणाले, "जाऊ दे गं तिला. जरा बरी कॉफी तरी मिळेल."

अखिलाने काठी कोपऱ्यात ठेवली. "मामा, वर माकड नव्हतं," ती सासऱ्यांना अडखळत, पण मराठीत म्हणाली. "मज समजतं हे तुम्हास कळलं. म्हणून आता खोटं बोलता."

एकतीस वर्षांत इतकं बिनचूक उत्तर एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. नापास झाले ते मास्तरच.

रघुरामराव पहिल्यांदाच तिच्याकडे बघून मराठीत बोलले. "मज करमणार नाही, अखिला. फार जड जाईल. पण माझ्यासाठी राहिलीस तर मज तुझ्याकडे बघवणार नाही. जा."

अखिलाने फोन घेतला आणि त्यांच्यासमोरच बँकेला होकार कळवला. रघुरामरावांचे डोळे भरून आले, आणि ते झाकायला त्यांच्याकडे आता दुसरी भाषा नव्हती.