हलवू नये

आमच्या दवाखान्यात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा आहे. हा अर्थ दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, रूढ केला. आम्ही दोघंही डॉक्टर. दवाखाना त्यानं सुरू केला, मी मागून येऊन शेजारच्या खोलीत बसले. पेशंटनं उगाच ताकदीचं इंजेक्शन मागितलं की दादा खिडकीबाहेर पाहत म्हणतो, "बघू." इंजेक्शन मिळत नाही आणि कुणाचं मनही मोडत नाही. आमची नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणतात, ती तर 'बघू' कानावर पडलं की हातात घेतलेला कापूस परत डब्यात ठेवते.

म्हणून टायनं पेप्टाइड थेरपीचा विषय काढला आणि दादा "बघू" म्हणाला, तेव्हा मी निर्धास्त झाले. टाय म्हणजे औषध कंपनीचा माणूस. त्याचा टाय इतका लांब, की हा वाकला की आधी टाय टेबलाला टेकतो आणि मग याचं तोंड उघडतं. मी माझ्या खोलीत जाऊन एका आजोबांच्या कानातला मळ काढला आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

थोड्याच दिवसांत दाराशी पाटी लागली. 'येथे पेप्टाइड थेरपी मिळेल.' खाली एक पळणारा माणूस काढलेला, त्याला नाकडोळे नव्हते.

"तू 'बघू' म्हणाला होतास ना?" मी दादाला विचारलं.

"हो. मग बघितलं."

"काय बघितलं?"

"बरं वाटलं," असं म्हणून तो बीपीचं मशीन शोधायला लागला. मशीन त्याच्या समोरच होतं.

पाटीमागोमाग दादाच्या खोलीत छोटा फ्रीज आला आणि फ्रीजमागोमाग टाय आला, आम्हाला शिकवायला. पेप्टाइड म्हणजे काय हे त्यानं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं आणि दर खेपेला मला आधीपेक्षा कमी कळलं. प्रथिनांचे छोटे तुकडे, ते शरीराला निरोप देतात, शरीर ते ऐकतं आणि दुरुस्तीला लागतं. इथवर ठीक. इन्शुलिनही त्याच घराण्यातलं, ते मी रोज लिहून देते. पण याच्या बाटल्या सांध्यावर चालणार, झोपेवर चालणार, केसांवर, थकव्यावर, पोटावर चालणार. सगळ्यावर चालणाऱ्या औषधाला दादा इतकी वर्षं दारातूनच वाटेला लावत आला होता. आज तो शाळेतल्या मुलासारखा पुढे सरकून ऐकत होता.

"बाटलीत पावडर असते," टाय म्हणाला. "सिरिंजनं पाणी सोडायचं, पण थेट पावडरीवर नाही. काचेच्या कडेनं, हळूहळू ओघळू द्यायचं. आणि हे बघा, इथं लिहिलंय. हलवू नये."

"हलवलं तर?" दादानं विचारलं.

"फेस येतो, सर. मग औषध बिघडतं. फार नाजूक प्रकरण आहे."

"जरासं हललं तर?"

"जरासं म्हणजे?"

"म्हणजे... जरासंच."

टाय बुचकळ्यात पडला. "शक्यतो नकोच, सर."

"मग हे सिस्टरनं शिकून घ्यावं," दादा म्हणाला. "आणि तूही," हे मला. मी म्हटलं, माझं काय अडलंय? त्यावर तो इतका हिरमुसला, की मलाच कसंतरी झालं. पण मी शिकले नाही. हट्टाला आम्ही दोघंही सारखेच.

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते सरळच सांगते. मला वाटलं, दादाला म्हातारपणी तरुण व्हायचं खूळ लागलंय. पुरावे डोळ्यांसमोर होते. जन्मभर कडक इस्त्रीचे शर्ट घालणारा माणूस हल्ली टी-शर्टमध्ये यायचा. नाडीचे बूट जाऊन नुसते पाय सरकवायचे बूट आले होते. दाढी वाढवली होती आणि ती त्याला शोभत नव्हती. टाके घालायचं कामही त्यानं माझ्याकडे ढकललं होतं. "तुझे टाके सुबक पडतात गं," म्हणाला, आणि मी मूर्खासारखी खूश झाले. वास्तविक त्याच्यासारखे टाके मला सात जन्मांत जमायचे नाहीत.

वहिनीला फोन केला. "दादाला झालंय काय?" मी विचारलं.

"मी तुलाच विचारणार होते," वहिनी म्हणाली. "तुला काही बोलला असेल असं वाटलं."

फोन ठेवल्यावर मला घाबरायला झालं. ज्याचं बघून मी डॉक्टर झाले, ज्याच्या एका शब्दावर या भागातली माणसं आपला जीव सोपवून मोकळी होतात, तोच आता पळणाऱ्या माणसाची पाटी लावून बसला होता. हा असाच राहिला तर मला त्याच्या शेजारच्या खोलीत बसता येणार नव्हतं. दादाशी भांडायचं की दवाखाना सोडायचा, एवढंच उरलं होतं, आणि दोन्ही नको होतं.

मी वाचायला घेतलं. जे मिळेल ते वाचलं. उंदरांचे स्नायू भरून येत होते, उंदरांच्या जखमा सुकत होत्या, उंदरांचे दिवस एकंदरीत बरे चालले होते. माणसांचं विचाराल तर सगळे मूग गिळून बसलेले.

तेवढ्यात पाटी वाचून पोहण्याचे शिक्षक आले. त्यांचा खांदा वर जात नव्हता. दादाच्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले.

"डॉक्टर 'बघू' म्हणाले," ते म्हणाले. "म्हणजे कधी येऊ?"

सिस्टरनं कापूस डब्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. त्यांच्या मागून जे आले त्यांनाही तेच उत्तर मिळालं. शिंपीण आली, बघू. निवृत्त पोस्टमन आला, बघू. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. द्यायचं नाही तर पाटी कशाला? आणि पाटी लावलीच आहे तर 'बघू' कशाला? दुकान उघडून गिऱ्हाइकाला हाकलणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

त्यात भर म्हणून एका सकाळी टाय हसतमुखानं आला. "मॅडम, मस्त उचल आहे तुमच्याकडे! सरांनी आणखी बाटल्या मागवल्यात."

"कुणासाठी?"

"पेशंटसाठीच ना?" तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

मी सिस्टरला बाजूला घेतलं. तिनं शपथ घेतली. "मॅडम, माझ्या हातून एकालाही दिलेलं नाही. मला बाटली फोडायचीसुद्धा वेळ आली नाही."

म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. दादा बाटल्या घरी नेऊन कुणाला विकतो की काय, असाही विचार मनात येऊन गेला. त्या विचाराची मला अजून लाज वाटते, पण तो आला होता.

त्या दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मी घरी गेले नाही. काय बोलायचं ते ठरवलं होतं. दादा, ही पाटी राहणार असेल तर मी राहणार नाही. एकच वाक्य, मध्ये थांबायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. मी ते मनात घोळवत त्याच्या दारापाशी गेले आणि तिथेच थांबले. आतून टकटक येत होती. बारीक, घाईची, काचेवर काहीतरी वाजल्यासारखी. फ्रीज आल्यापासून हा आवाज मी रोज दुपारी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि फ्रीजला शिव्या घालत होते.

मी दार ढकललं.

दादा बेसिनपाशी उभा होता. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात सिरिंज. सुई बाटलीच्या तोंडावर आपटत होती, टकटक, टकटक, आणि आत जात नव्हती. त्यानं उजवा कोपर पोटाशी घट्ट दाबला होता, तरी हात थांबत नव्हता. बेसिनच्या कडेला आणखी दोन बाटल्या होत्या. दोन्हींत फेस झाला होता.

माझं ठरवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. टी-शर्टला बटणं नसतात. त्या बुटांना नाडी नसते. दाढी वाढवली की रोज गालावर पातं धरावं लागत नाही. मी डॉक्टर आहे म्हणे!

"कधीपासून?" मी विचारलं.

"थोडे दिवस झाले."

"पेशंटसारखं बोलू नकोस."

"आधी नुसता अंगठाच होता," तो म्हणाला. सिरिंज ठेवायला गेला, ती बेसिनमध्ये पडली. "मग सगळा हात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला तपासलं असतंस."

"आणि ही पाटी? हा फ्रीज?"

"पाटीशिवाय फ्रीज आणला असता तर तू सोडलं असतंस का मला?" तो खुर्चीत बसला. "वाटलं, सेवा सुरू करू. सिस्टर शिकेल, तू शिकशील. मग एक दिवस सहज म्हणायचं, खांदा दुखतोय, मलाही एक टोचून टाका. कुणाला कळलंही नसतं. तर तू शिकलीच नाहीस, आणि सिस्टरला सांगायला धीर होईना. ती माझे टाके बघत म्हातारी झाली गं."

"मग पेशंटना का दिलं नाहीस?"

"त्यांना कसं देणार?" त्याला माझाच राग आला. "त्याचं अजून काही खरं नाही. सगळं उंदरांवर झालंय. मी वाचलंय ना सगळं."

"मग तू उंदीर आहेस का?"

"असतो तर बरं झालं असतं."

आम्ही दोघंही हसलो. लहानपणी घरात कुणी झोपलं असताना हसायचो तसं, तोंड दाबून. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि माझेही. मग त्यानं फ्रीजमधून एक कोरी बाटली काढून माझ्या हातात दिली. देतानाही ती त्याच्या मुठीत कापत होती. माझ्या हातात आली आणि आतली पावडर अगदी शांत बसली.

"एवढी एकच कर," तो म्हणाला. "तुझा हात चांगला आहे."

जन्मात त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. सायकल त्यानंच शिकवली, परीक्षेच्या दिवशी केंद्रापर्यंत त्यानंच पोहोचवलं. आता मागितलं ते एवढंसं, काचेच्या कडेनं थोडं पाणी सोडायचं, बस. माझा हात सिरिंजकडे गेलासुद्धा. खोटं कशाला सांगू, मला करून द्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले.

हा शब्द त्या खोलीत कुणी इतका सरळ उच्चारला नसावा.

"मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्याच. मी येते बरोबर, वहिनीलाही घेऊ. हात कापतो म्हणजे कंपवातच असेल असं नाही. असलं तरी औषधं आहेत, खरी औषधं, माणसांवर तपासलेली. तू स्वतः किती जणांना पाठवलंयस."

"पाठवलंय," तो म्हणाला. उजवा हात त्यानं मांडीखाली सारायला घेतला, मग राहू दिला. "म्हणून तर गेलो नाही."

मागे चाहूल लागली. सिस्टर जेवण आटोपून आली होती. माझ्या हातात बाटली आणि खुर्चीत सर बसलेले पाहून तिनं काही न विचारता डबा उघडला आणि कापसाचा बोळा घेतला.

दादाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसलेल्या कितीतरी माणसांच्या तोंडून मी ऐकलेला प्रश्न त्यानं मला विचारला.

"मला पुन्हा टाके घालता येतील ना गं?"

मला काहीच माहीत नव्हतं. मला खरोखर म्हणायचं होतं, की जाऊ, तपासू, कळेल. त्यासाठी एकच शब्द जिभेवर आला, आणि या वेळी तो मनापासून आला होता.

"बघू," मी म्हणाले.

सिस्टरनं हातातला कापूस परत डब्यात ठेवला.