अर्धं वाक्य हेडमास्तरांचं

कुणालाही पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं लग्न जमलं ते एका वाक्याच्या मधोमध.

तेव्हा मी नाकुरू शहराच्या रेडिओवर सकाळचे सलाम वाचत असे. लोक कार्डं पाठवायचे, मी नावं घेऊन नमस्कार पोचवायचो. न्योकाबीचा हात हवा होता, म्हणून तिच्या वडिलांना, गाथोगो हेडमास्तरांना, माझ्याकडून रोज एक सलाम. किस्वाहिलीत, बाजारात चालते त्या भाषेत. त्यांचा निरोप आला, "कोबीवाल्याला हाक मारावी तसं काय बोलावतोस? गाव म्हणेल, मास्तरांना इंग्रजी येत नाही. मुलगी विसर."

दुसऱ्या दिवशी इंग्रजी झाडली, तर तिची आई फुगली. "कोर्टाने पुकारा केल्यासारखं वाटलं. असला जावई घरी येऊन चहा मागेल की दंड ठोठावेल?"

होकार दोघांचा हवा, आणि घरात रेडिओ एकच. मग मी वाक्यच मधोमध चिरलं. अर्धं इंग्रजीत, हेडमास्तरांचा मान राखून. अर्धं किस्वाहिलीत, सासूबाईंना लाडीगोडी लावून. दोघांच्या तक्रारी मिटल्या.

पण बाकीचं नाकुरूही ऐकत होतं. पिकअपवाल्यांना सलाम इंग्रजीत हवा, निवडणुकीला उभे असलेल्यांना किस्वाहिलीत. एका हवालदाराने कळवलं, माझं नाव इंग्रजीत घ्या, चहापाण्याचं मात्र किस्वाहिलीत सुचवा.

शेवटी मास्तरांची गाय बिथरली. हेडमास्तर धार काढताना रेडिओ गोठ्यात नेत. इंग्रजी लागली की गाय शाळेत तपासणी आल्यासारखी ताठ उभी राही आणि दूध चोरी. किस्वाहिली लागली की पान्हा सोडी. अर्ध्या वाक्याला अर्धीच चरवी. मास्तरांना कोरा चहा सोसवेना. स्वतः स्टेशनवर आले, हॅट काढली आणि किस्वाहिलीत म्हणाले, "बाळ, माझ्याशीही घरच्यासारखंच बोलत जा. मुलगी तुझी."

अंगणात माझी ही गोष्ट ऐकत बसलेले शेजारी माना डोलवत होते. न्योकाबी पलीकडे सुकुमाची पालेभाजी चिरत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बाबा सिमियू," आमच्या मुलाच्या नावाने मला हाक मारत ती म्हणाली, "आमच्याकडे कोंबड्या होत्या. गाय कधीच नव्हती. तुम्ही रेडिओवर बोलत नव्हतात, रेडिओ दुरुस्त करत होतात. आणि लग्नाची बोलणी तुमच्या काकांनी केली. माझ्या बाबांनी होकार दिला, कारण तुम्ही तेवढा वेळ एका शब्दानेही बोलला नाहीत."